वीज परत कुठून जाते ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर राजापूर तालुक्यात, सड्याला (कातळाच्या उघड्या पठाराला) लागून. विहीर खाली वाडीत, घरापासून १०० मीटरवर, तिच्यावर १ एचपीचा सिंगल फेज पंप, आणि घरापासून तिथपर्यंत दीड एमएमची तांब्याची वायर. संध्याकाळी पंप उचलत नाही, नुसता गुरगुरतो. दुपारी मात्र चालतो. पावसात आरसीसीबी (वीज गळली की मेन तोडणारा बोर्डातला स्विच) रोज पडायला लागली म्हणून एका वायरमनने ती बायपास करून दिली. तेव्हापासून गिझरला आणि फ्रिजलाही हात लागला की आईंना झिणझिण्या येतात, गिझरचा स्विच बंद असला तरी येतात, आणि बिल वाढलंय. शिवाय गेल्या गणपतीत एका रात्री दिवे भगभगून पेटले आणि टीव्ही, राऊटर आणि दोन एलईडी दिवे गेले. तुम्ही मुंबईला, आई गावी एकट्या. हे एकाच दुखण्याचे प्रकार आहेत की वेगवेगळे, आणि विजेचं हे गणित मुळापासून कसं समजून घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

बाकीचं वाचण्याआधी एक फोन करा. गिझरचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवायला सांगा (स्विच बंद करणं पुरेसं नाही, कारण पुढे येईल) आणि आरसीसीबीचा बायपास काढून घ्या. ती पडत राहिली तर पडू दे. घरात दोन दिवस अंधार राहिला तरी चालेल.

आता मुळापासून. शाळेत वीज शिकवताना सगळे पाण्याची उपमा देतात: वरची टाकी म्हणजे व्होल्टेज, पाइपातलं पाणी म्हणजे करंट, बारीक पाइप म्हणजे रेझिस्टन्स. सुरुवातीला बरी आहे, पण ती एका ठिकाणी फसवते आणि नेमक्या त्याच ठिकाणी माणसं शॉक खातात. पाइप कापला तर पाणी बाहेर सांडतं. तार कापली तर वीज सांडत नाही, थांबते. विजेला निघाल्या जागी परत जायला वाट लागते. डीपीवरच्या, म्हणजे गावाला वीज वाटून देणाऱ्या खांबावरच्या, ट्रान्सफॉर्मरमधून फेजने (वीज घेऊन येणाऱ्या तारेने) निघायचं, तुमच्या दिव्यातून जायचं आणि न्यूट्रलने (परतीच्या तारेने) त्याच ट्रान्सफॉर्मरमध्ये परत यायचं. हा फेरा पुरा झाला तरच करंट. कुठेही तुटला तर करंट शून्य, मग व्होल्टेज कितीही असो. तुमच्या चारही तक्रारींत मी एकच प्रश्न विचारत जाणार आहे: वीज परत कुठून जाते?

तारेतले इलेक्ट्रॉन डीपीपासून तुमच्या घरापर्यंत धावत येतात असंही समजू नका. आपल्याकडे ५० हर्ट्झचा एसी आहे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा त्यांचं पुढे-मागे होतं. ते जागच्या जागी, मिलिमीटरच्याही अगदी बारीक अंशात झुलतात. दिवा लगेच लागतो तो तारेभोवतीच्या विद्युतक्षेत्राचा धक्का क्षणात पोचतो म्हणून.

या फेऱ्यात किती करंट वाहील हे जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये मांडलेल्या नियमाने कळतं: व्होल्टेजला रेझिस्टन्सने भागा, अँपिअर मिळतील. व्होल्टला अँपिअरने गुणा, वॅट मिळतील. हजार वॅट एक तास चालले की मीटरमध्ये एक युनिट पडतं. आणि करंट ज्या रेझिस्टन्समधून जातो तिथे उष्णता होते, ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात: करंट दुप्पट तर उष्णता चौपट. घरच्या विजेचं जवळजवळ सगळं गणित एवढ्यातच बसतं. हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम. शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा सुमारे ५२९. हे दोन आकडे लक्षात ठेवा, गणपतीच्या रात्रीचा उलगडा त्यांच्यावरच होणार आहे.

पोफळीला कोयनेची वीज तयार होते, चिपळूण तालुक्यात, म्हणजे आपल्या दारात. तरी ती आपल्याकडे येताना आधी प्रचंड व्होल्टेजला का चढवतात, असं गावात नेहमी विचारतात. कारण हेच. तेवढीच वीज २३० ऐवजी ११,००० व्होल्टवर नेली तर करंट सुमारे ४८ पट कमी लागतो, आणि त्याच तारेतली उष्णता सुमारे २,३०० पट कमी होते. तुमच्या विहिरीच्या वायरचं दुखणं हेच, फक्त छोट्या मापाचं.

तर पंप. दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या) तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. विहीर १०० मीटरवर, म्हणून १.२ ओहम? इथेच बहुतेक जण चुकतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत यायचा आहे, म्हणून वायर २०० मीटर धरायची आणि रेझिस्टन्स २.४ ओहम. पंप फिरत असताना साधारण ७ अँपिअर घेतो, तेव्हा वायरीतच १७ व्होल्ट खर्च होतात. ते एक वेळ चालून जाईल. खरी अडचण सुरू होतानाची. थांबलेली मोटर चालत्या मोटरच्या चार-पाचपट करंट मागते. पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर तुमचा पंप त्या क्षणी ३० अँपिअरच्या आसपास ओढेल, म्हणजे सुरुवातीपुरता तो ७.७ ओहमसारखा वागतो. (एसीमध्ये हे ओहम असे सरळ मिळवता येत नाहीत, फेजचा कोनही धरावा लागतो, पण अंदाजाला एवढं पुरतं.)

दुपारी घरी २३० व्होल्ट आहेत असं धरू. एकूण १०.१ ओहम, त्यातले ७.७ मोटरचे. मोटरच्या वाट्याला सुमारे १७५ व्होल्ट येतात. मोटरची सुरुवातीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती पूर्ण ताकदीच्या ५८ टक्क्यांच्या आसपास राहते. पंप उचलतो. संध्याकाळी सगळ्या वाडीचे दिवे, मिक्सर, टीव्ही सुरू झाले की लाइनच्या शेवटच्या घराला १९५ व्होल्ट मिळणं नवलाचं नाही. तेव्हा मोटरला मिळतात सुमारे १४९, आणि ताकद जेमतेम ४२ टक्के. पंप गुरगुरतो, फिरत नाही. न फिरणारी मोटर सुरुवातीचाच मोठा करंट ओढत बसते आणि वाइंडिंग तापत जातं. म्हणून गुरगुर ऐकू आली की चार-पाच सेकंदांत बंद करायचा. ‘जरा वेळ राहू दे, घेईल’ म्हणून वाट बघणं हे पंप जाळायचं हमखास साधन आहे.

आता तीच वायर ४ एमएमची करा. किलोमीटरला पावणेपाच ओहम धरले तर जाऊन-येऊन ०.९५ ओहम. संध्याकाळच्या त्याच १९५ व्होल्टवर मोटरला सुमारे १७४ मिळतील, ताकद ५७ टक्के. म्हणजे जाड वायर टाकली की तुमची संध्याकाळ आजच्या दुपारसारखी होईल. लाइनचं व्होल्टेज आपल्या हातात नाही, वायरची जाडी आहे. पंपाला स्टॅबिलायझर लावावा का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत: आधी वायर. स्टॅबिलायझर घरी बसवाल, तो घरी २३० करेल, पण पंप सुरू होताना पुढच्या २०० मीटरमध्ये त्यातले पंचावन्नेक पुन्हा गळतील; फार तर आजची दुपार मिळेल, वायरीतला तोटा तसाच राहील.

वायरचे पैसे घालण्याआधी मात्र पंपाचा कपॅसिटर (सिंगल फेज मोटरला फिरायला सुरुवात करून देणारा भाग) तपासून घ्या. तो कमजोर झाला की पंप असाच गुरगुरतो. दुपारी, व्होल्टेज पूर्ण असतानाही कधीकधी अडखळत असेल तर पहिला संशय त्याच्यावर. तो स्वस्त असतो, आणि विहिरीवरच्या पत्र्याच्या खोपटात उन्हाने तापून त्याची क्षमता उतरत जाते.

आणि वाटेतले सांधे बघा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला सांधा म्हणजे पुढचा बिघाड आजच पेरून ठेवणं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, तांबं हिरवं पडतं. तांब्याला ॲल्युमिनियम जोडलेलं असेल तर दोन धातूंमध्ये ओलाव्याने बॅटरीसारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम खाल्लं जातं. सांध्याचा रेझिस्टन्स अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर गेले की त्या एका बिंदूवर ५० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगचं साधं आयर्न २५ वॅटचं असतं. बोर्डावर स्विचभोवती पिवळट-काळा डाग दिसतो तो यातूनच. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र येतील तिथे त्यासाठीचे खास बायमेटल लग मिळतात, तेच वापरायला सांगा.

आता झिणझिण्या, आरसीसीबी आणि बिल. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात धोकादायक भाग हा, आणि गैरसमजही इथेच सगळ्यात जास्त.

डीपीवर न्यूट्रल जमिनीत पुरलेला असतो. त्यामुळे जमीन स्वतःच परतीची एक वाट बनते. एका तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, कारण त्याच्यातून परत जायला वाट नाही. मोठं वटवाघूळ पंख पसरून दोन तारांना लागतं आणि मरतं. ओल्या न्हाणीघरात अनवाणी उभ्या माणसाने फेजला हात लावला तर त्याच्या शरीरातून, फरशीतून, मातीतून डीपीपर्यंत फेरा पुरा होतो. ओल्या शरीराचा रेझिस्टन्स हजार-दीड हजार ओहम धरला तर २३० व्होल्टवर दीडशे मिलिअँपिअरच्या वर करंट जातो. १० मिलिअँपिअरच्या पुढे मुठीचे स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. ३० च्या पुढे, वेळ लांबला तर, श्वास आणि हृदय धोक्यात. शंभर मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहावा भाग. तुमची एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) १६ अँपिअरची आहे. तिच्या लेखी माणूस म्हणजे एक छोटा दिवा. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणूस मरू नये म्हणून नाही.

मग अर्थिंग कशाला? उपकरणाच्या बॉडीला फेज लागला तर तो हिरव्या वायरने जमिनीत जावा, मोठा करंट वाहावा आणि एमसीबी पडावी, ही कल्पना. कोकणात ती कल्पना जांभ्यावर आपटते. सड्यावर वरच्या थरात माती जेमतेम, खाली कातळ. पावसात तो पाणी पितो, पण मार्च-एप्रिलपासून सुकून खडखडीत होतो. अशा जागी साध्या अडीच मीटरच्या पाइप अर्थिंगचा रेझिस्टन्स पन्नास-साठ ओहम भरला तर मला आश्चर्य वाटत नाही. मे महिन्यात त्याहून बराच जास्तही येतो. साठ ओहमच्या अर्थिंगवर फेज सरळ बॉडीला टेकला तर करंट २३० भागिले ६०, म्हणजे ४ अँपिअरहूनही कमी. १६ अँपिअरची एमसीबी हलणारसुद्धा नाही. सी प्रकारची १६ ची एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. त्यासाठी अख्ख्या वाटेचा रेझिस्टन्स दीड ते तीन ओहमच्या आत हवा. जांभ्याच्या सड्यावर ते विसरा.

आता तुमचा गिझर. स्विच बंद असतानाही झिणझिण्या येतात, हा एक तपशील मला फार बोलका वाटला. याचा अर्थ बहुधा असा की त्या सॉकेटला फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेत आणि स्विच न्यूट्रलमध्ये आहे. स्विच बंद केला की फेरा तुटतो, पाणी तापत नाही, पण कॉइलवर फेज चोवीस तास उभाच असतो. कॉइलच्या नळीला बारीक चीर पडली असेल, आत ओल गेली असेल, तर तिथून तो बॉडीवर झिरपतो. कल्पनेसाठी त्या झिरपण्याचा रेझिस्टन्स ३०० ओहम धरा आणि अर्थिंगचा ६०. करंट सुमारे ०.६४ अँपिअर. अर्थिंगवर, म्हणजेच बॉडीवर, ३८ व्होल्ट. आणि घरातल्या सगळ्या उपकरणांच्या बॉडी हिरव्या वायरने एकमेकींना जोडलेल्या आहेत, म्हणून गिझरमधले ३८ व्होल्ट फ्रिजच्या दारावर हजर. फ्रिज निर्दोष असेल. फ्रिजला दोष देऊन मेकॅनिकला बोलावण्यात लोकांचे पैसे जातात ते इथे.

बिलाचंही तेच. २३० व्होल्ट गुणिले ०.६४ म्हणजे जवळजवळ १४७ वॅट, चोवीस तास. दिवसाला साडेतीन युनिट, महिन्याला शंभरच्या वर. कोणी वापरत नाही, पण मीटर मोजतंय, कारण वीज जमिनीतून परत जातेय. सगळी उपकरणं बंद करून मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय का बघितलं की हे घरबसल्या कळतं. आणि गिझरचा प्लग काढल्यावर फ्रिजच्या झिणझिण्या थांबल्या तर चोर सापडला.

आरसीसीबी नेमकं काय करते ते आता सोपं होईल. गुस्ताव किर्शहॉफने १८४५ मध्ये, विद्यार्थी असतानाच, सांगून ठेवलं की एखाद्या सांध्यात जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर पडतो. आरसीसीबी तोच हिशोब सतत करत असते: फेजने किती गेला, न्यूट्रलने किती परत आला. दोन्ही सारखे तर ठीक. फरक पडला म्हणजे काही वीज तिसऱ्याच वाटेने परत गेली, अर्थिंगमधून नाहीतर माणसातून. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते आणि तेवढा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत तोडते. तुमच्या गिझरच्या उदाहरणात फरक ६४० मिलिअँपिअर आहे, मर्यादेच्या एकवीस पट. ती उगाच पडत नव्हती. पाऊस लागला, ओल चढली, गळती वाढली आणि तिने सांगितलं. तिचं तोंड बंद केलं गेलं.

आणखी एक गोष्ट. तुमची अर्थिंग वाईट असली तरी आरसीसीबी काम करते. ३० मिलिअँपिअर साठ ओहममधून गेले तर बॉडीवर दोन व्होल्टसुद्धा येत नाहीत. अर्थिंग अगदी ५०० ओहमची असली तरी १५ व्होल्टला ती पडेल. म्हणून मी उलट म्हणतो: जिथे चांगली अर्थिंग मिळत नाही त्या सड्यावरच्या घराला आरसीसीबीची गरज बाजारपेठेतल्या दुकानापेक्षा जास्त.

गळती शोधताना एक गंमत होते, ती तुमच्या वायरमनला माहीत असेल तर उत्तम. तो एकेक एमसीबी खाली पाडेल आणि आरसीसीबी टिकते का बघेल. पण साधी एमसीबी फक्त फेज तोडते. कुठे न्यूट्रल जमिनीला किंवा अर्थला लागला असेल तर सगळ्या एमसीबी पाडूनही आरसीसीबी पडत राहते, आणि मग ‘आरसीसीबीच खराब आहे’ असा निकाल लागतो. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रलही सोडवून बघावा लागतो. विहिरीकडे जाणारी केबल मातीत पुरलेली असेल आणि वाटेत सांधा असेल तर तीही संशयित, विशेषतः पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी आरसीसीबी आपोआप टिकायला लागत असेल तर. ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासायचं, मेन बंद करून, उपकरणं काढून. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर ते सर्किट मी चालू करत नाही.

अर्थिंग सुधारायची असेल तर घराच्या कोपऱ्यात कातळ फोडत बसू नका. खाली वाडीच्या बाजूला, माडाला पाणी लागतं तिथे माती खोल आणि ओली असते. तिथे दोन-तीन इलेक्ट्रोड पाच-सहा मीटर अंतर ठेवून पुरा आणि सगळे जोडून एक वायर वर आणा. जवळजवळ ठोकलेल्या दोन सळ्यांचा फायदा एकीपेक्षा फारसा होत नाही. मीठ-कोळशाची पद्धत जुनी आहे, मीठाने रेझिस्टन्स उतरतोही, पण तेच मीठ जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप खातं आणि दर पावसात थोडं थोडं वाहून जातं. मला बेंटोनाइटची (ओल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीची) भर आणि तांब्याचा मुलामा दिलेली सळई बरी वाटते. आकडा अर्थ टेस्टरने मे महिन्यात घ्यायचा. ऑगस्टमध्ये घेतलेला आकडा सगळ्यांचाच सुंदर येतो.

आता गणपतीची रात्र. इथे न्यूट्रल तुटला होता, आणि बहुधा तुमच्या घरातला नव्हे, लाइनवरचा. डीपीतून तीन फेज निघतात. प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. शेजारचं घर एका फेजवर, तुम्ही दुसऱ्यावर, परतीची तार दोघांची एक. माडाची झावळी पडून किंवा खांबावरचा गंजलेला सांधा सुटून ती सामाईक न्यूट्रल तुटली, तर दोन्ही घरांची वीज परत कुठून जाणार? एकमेकांमधून. दोन घरं एकामागे एक जोडली जातात आणि दोघांवर मिळून ४०० व्होल्ट बसतात. (तिसरा फेज तूर्त बाजूला ठेवू.) शेजाऱ्याकडे हजार वॅट चालू होते, ५३ ओहम. तुमच्याकडे शंभर वॅट, ५२९ ओहम. एकूण ५८२. शेजाऱ्याच्या वाट्याला ३६ व्होल्ट, त्याचे दिवे मिणमिणले. तुमच्या वाट्याला ३६४. कमी वापर असलेल्या घराचा बळी जातो, हा या बिघाडाचा अन्याय. त्या रात्री कोणाच्या तरी घरी दिवे मंद झाले होते का, विचारून बघा.

एमसीबी इथेही गप्प बसते, कारण करंट मोठा नसतो, व्होल्टेज मोठं असतं. आरसीसीबीही गप्प, कारण जेवढा गेला तेवढाच परत येतो. याला वेगळं यंत्र लागतं: ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ, मेन बोर्डातच बसणारं. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की ते घर लाइनपासून तोडतं आणि स्थिरावल्यावर परत जोडतं. खर्च टीव्हीच्या मानाने किरकोळ. आईंना मात्र एवढं सांगून ठेवा: दिवे अचानक झगझगीत झाले किंवा काही झगझगीत नि काही मंद झाले की पहिलं मेन खाली, मग फोन.

तुटलेल्या न्यूट्रलचं दुसरं रूप घरापुरतं असतं. लाइट नाही, पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. कोणत्या तरी चालू दिव्यातून फेज न्यूट्रलच्या तारेत येऊन थांबलेला असतो, पुढे वाट नाही म्हणून. अशा वेळी गावात एक जुगाड चालतो: ‘अर्थिंगमधून न्यूट्रल घेऊ.’ दिवे लागतात, सगळे खूश. हिशोब करा. अर्थिंग ६० ओहम, हीटर ५३ ओहम. अर्थिंगच्या पाइपावर १२२ व्होल्ट, आणि हिरव्या वायरने ते घरभर. पाइपाभोवतालच्या ओल्या मातीतही व्होल्टेज पसरतं; गाय तिथे उभी राहिली तर तिचे पुढचे आणि मागचे पाय वेगवेगळ्या व्होल्टेजवर असतात. हे कोणी सुचवलं तर त्याला तिथूनच परत पाठवा.

जनरेटरचं तुम्ही ओझरतं विचारलंय. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, रायगडात आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, तेव्हापासून किनाऱ्यावर छोटे जनरेटर घरोघर दिसतात. जनरेटरची वायर नुसती सॉकेटमध्ये खुपसून घर चालवू नका. मेन चालू राहिला तर तुमचे २३० व्होल्ट उलटे डीपीत जातात आणि ट्रान्सफॉर्मर त्यांचे हजारो व्होल्ट करून ११ केव्हीच्या तारेवर चढवतो. त्या तारेवर, लाइन बंद आहे या विश्वासाने, कोणीतरी काम करत असतो. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवल्याशिवाय जनरेटर नको.

विजांसाठी: आपल्याकडे खरा कडकडाट मे अखेरीस-जूनच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑक्टोबरात, भर जुलैत कमी. त्या दिवसांत ढग वाजायला लागले की टीव्ही, राऊटरचे प्लग काढून ठेवणं सर्ज प्रोटेक्टरपेक्षाही भरवशाचं. प्रोटेक्टर बसवलात तरी तो वाढीव व्होल्टेज जमिनीत सोडतो, त्यामुळे पुन्हा अर्थिंगवरच येऊन ठेपतं.

कामाचा क्रम माझ्या मते असा ठेवा: आधी गिझर आणि उलटं सॉकेट, त्याच दिवशी आरसीसीबी परत सर्किटमध्ये, मग कटऑफ, मग अर्थिंग, आणि पंपाची वायर सगळ्यात शेवटी, पंपाची गैरसोय होते, जीव जात नाही. काम परवानाधारक माणसाकडूनच घ्या आणि मेगरचे आकडे त्याच्याकडून कागदावर मागा. आरसीसीबीवर एक छोटं ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा लाइट असताना ते दाबायला आईंना शिकवा. खाऱ्या हवेत आतली यंत्रणा जाम होते आणि बाहेरून काही कळत नाही. बटण दाबून ती पडली तर वर करून ठेवायची, नाही पडली तर त्याच आठवड्यात बदलून घ्यायची.